मुठीत धरायची बाटली

"कुणीतरी इथं लसूण खातंय. आणि मी खात नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे."

प्रयोगशाळेत पेशी वाढवणारा भाऊ हे भिंतीला सांगत होता. निदान त्याची तशी समजूत होती. कपाटाच्या पलीकडे सुरक्षाबाई गुडघ्यांवर बसून आग विझवायच्या नळकांड्याची तारीख बघत होती, हे त्याला दिसलं नव्हतं.

"पेशींच्या खोलीत डबा खायला बंदी आहे," ती उठत म्हणाली. "कोण खातं?"

भाऊ दचकला. हातातली पेशींची ताटली त्यानं आधी नीट खाली ठेवली. पेशींपेक्षा त्याला स्वतःचाही जीव प्यारा नव्हता.

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

"नाही. म्हणून तर विचारतेय."

"मग राहू द्या."

सुरक्षाबाईनं सुस्कारा सोडला. संस्थेत तिचं कामच असं होतं. हातमोजे घाला, चष्मे लावा, सांडलं तर सांगा. ती दारात दिसली की लोक चष्मे लावायचे, पाठ वळली की काढायचे. आणि काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं. राहू द्या.

तेवढ्यात दार उघडलं. चष्मिस आत आली. ताईंच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी ही मुलगी एरवी मान वर न करता चालायची. आज तिचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"बाई, तुम्हीच हव्या होतात. ताईंनी बोलावलंय. पेशी दाद देईनात म्हणून औषधाची ती बाटली आम्ही शेजारच्या रसायन विभागात तपासायला दिली होती."

"मग?"

"पाणी निघालं. निव्वळ पाणी."

भाऊनं फ्रीजकडे बघितलं.

*

ताई प्रयोगशाळेच्या प्रमुख. साठीला आलेल्या, उंच, आवाजात जरब. त्यांच्या खोलीत शिरताच सुरक्षाबाईच्या नाकाला तोच वास आला. लसणाचा, थोडा शिळा. प्रमुखबाईच खोलीत डबा खातात म्हटल्यावर भाऊ नाव कसं घेणार? सुरक्षाबाईनं मनात एक खूण करून ठेवली आणि ती समोर बसली.

"सोपं करून सांगते," ताई म्हणाल्या. "पेशी म्हणजे एक गाव समजा. मालाची ने-आण चालते बारीक बारीक पिशव्यांतून. माल उतरला की रिकामी पिशवी मागे पाठवावी लागते. ते काम प्रथिनांची एक टोळी करते. टोळी मोडली की पिशव्या तुंबतात, चांगला मालही कचऱ्यात जातो. मेंदूच्या पेशींना ते सगळ्यात आधी भोवतं. आमचं औषध ती टोळी मोडू देत नाही. हमालांना चहा पाजतं म्हणा. ओझं शेवटी तेच उचलतात."

आपल्या विनोदावर त्या थोड्या थांबल्या. सुरक्षाबाई हसली. विनोद बरा होता.

"आणि ते औषध त्या बाटलीत होतं?"

"होतं तेवढं सगळं. बोटाएवढी बाटली. ज्यानं ते बनवलं तो देश सोडून गेला. पुन्हा करायचं तर वर्ष जाईल. सोमवारी रुग्णालयाची समिती येतेय, माणसांवर चाचणी सुरू करायची की नाही ते ठरवायला. त्यांच्यासमोर पेशी मोकळ्या होताना दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर प्रयोगशाळेला कुलूप. संचालकांनी तोंडावर सांगितलंय."

"पोलीस?"

"सोमवारपर्यंत नको, म्हणतात. बोभाटा होईल. तुम्हीच शोधा."

सुरक्षाबाईला हसू आलं. नळकांडी तपासणाऱ्या बाईकडून चोर पकडायची अपेक्षा. पण ताईंच्या चेहऱ्याकडे बघून ती काही बोलली नाही.

"हे काम मी आईसाठी सुरू केलं होतं," ताई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "ती गेली तेव्हा आम्हा दोघी बहिणींना ओळखत नव्हती. धाकटीनं केलं तिचं सगळं. न्हाणं, भरवणं, मारही खाल्ला. मी इथं होते. पेशी मोजत."

त्या उठल्या. गुडघा धरून क्षणभर टेकल्या.

"दुखतो?"

"धाकटी रोज मलम चोळते, म्हणून चालतेय. नाहीतर कधीच गाडीला धक्का लावावा लागला असता."

*

फ्रीज पेशींच्या खोलीत होता. साधाच, बर्फाचा नव्हे. त्याच्या वर, भिंतीच्या फळीवर, तपकिरी काचेची एक मोठी बाटली, लेबल पुढे करून ठेवलेली.

"हे काय?"

"द्रावक," भाऊ म्हणाला. "डीएमएसओ. औषध ह्याच्यातच विरघळवलेलं असतं. नुसतं औषध पेशींच्या आत जात नाही, ह्याच्यातून जातं. हा काय, कुठंही शिरतो."

"ते मला माहीत आहे. मागे एकाच्या हातावर सांडला तर त्याची बायको दोन दिवस माहेरी होती."

भाऊ हसला नाही. सुरक्षाबाईला वाटलं, ह्याला गोष्ट कळली नसावी.

"औषधाची बाटली कशी वापरता?"

"फ्रीजमध्ये ती दगडासारखी होते. हे द्रावक थोड्या थंडीतही थिजतं. काढायची आणि मुठीत धरून बसायचं, वितळेपर्यंत. ताईंनी घालून दिलेली सवय. गरम पाण्यात घातलेलं त्यांना चालत नाही. इथं नवीन माणूस आला की पहिलं काम हेच. बाटली हातात द्यायची आणि बस म्हणायचं. बोटं बधिर होतात. मग त्याच्याशी गप्पा मारायच्या."

"तुम्ही धरलीय?"

"वर्षानुवर्षं."

"चष्मिसनं?"

"तिची तर ओळखच माझ्याशी त्या मुठीवर झाली."

"मग सांगा, गेल्या काही आठवड्यांत ती वितळलेली सापडली होती का?"

भाऊनं नळ सोडला. हात धुतले. नळ बंद केला. पुन्हा सोडला.

"एकदा बाहेर राहिली होती. टेबलावर. मीच ठेवली होती."

"मुद्दाम?"

"विसरलो. वय झालं."

गेल्या वर्षी एका रात्री वीज गेली तेव्हा घरून उठून पेशी सांभाळायला आलेला हा माणूस, बाटली टेबलावर विसरला म्हणे. सुरक्षाबाईला ते पटलं नाही. पण तिनं मान डोलावली. चोरापेक्षा खोटं बोलणारा माणूस तिला जास्त त्रास द्यायचा.

*

चष्मिस जिन्यात बसली होती.

"बाटली शेवटची कधी काढलीस?"

"मंगळवारी."

"थिजलेली होती?"

तिनं चष्मा काढून पुसला.

"नव्हती. फ्रीजमधून काढली आणि लगेच घेता आलं."

"त्याआधी?"

"त्याआधीही नाही. पेशींनी दाद द्यायचं बंद केलं ना, तेव्हापासून नाहीच."

"आणि तुला काही वाटलं नाही? रोज मुठीत धरणारी तू."

"वाटलं, कुणीतरी बाहेर ठेवून आत्ताच आत टाकली असेल. आधी राहायची बाहेर. दोन-तीनदा सापडली होती मला."

"कुणी ठेवलेली?"

"मी."

"तू बाहेर ठेवलीस, आणि तुलाच ती बाहेर सापडली?"

मुलीचे डोळे भरून आले. "बाई, मी ठेवली म्हणते ना. लिहून घ्या."

"भाऊ म्हणतो त्यानं ठेवली."

"मग दोघांनी ठेवली असेल."

"बाटली एक आणि ठेवणारे दोन. सोमवारपर्यंत पाच होतील बहुतेक." सुरक्षाबाईचा पारा चढला होता. "अगं, ताईंचं आयुष्य पणाला लागलंय आणि तुम्ही दोघं माझ्याशी लपंडाव खेळताय. कुणाला वाचवताय?"

"कुणालाच नाही," चष्मिस म्हणाली. मग फार हळू आवाजात, "राहू द्या ना."

*

धाकटी म्हणजे ताईंची बहीण. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक तिच्या ताब्यात. गोल चेहऱ्याची, ठेंगणी, तोंडात सतत पेपरमिंट. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर हिरवे ठिपके चमकत होते.

"हे बघा, ह्या पिशव्या," तिनं दाखवलं. "कोपऱ्यात गर्दी करून बसल्यात. औषध असतं तेव्हा पांगतात. मोकळं होतं सगळं. काय दिसतं म्हणून सांगू. आता मात्र तुंबलेल्याच आहेत."

"बाटली तुम्ही कधी हाताळलीय?"

"छे. माझ्याकडे नुसत्या काचपट्ट्या येतात, वर आकडे घातलेल्या. औषधाची कुठली, साधी कुठली, हे मला कळूच देत नाहीत. नाहीतर डोळे लबाडी करतात. मनात असतं तेच दिसतं."

"पेशी मोकळ्या होत नाहीत हे आधी तुम्हीच सांगितलंत?"

"मी मोजलं, मी सांगितलं. दुसरं काय करणार?"

"खोटं मोजता आलं असतं."

धाकटीनं तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं घरातल्या कुणाला शिवी दिली होती. "मोजण्यात खोटं?"

"बरं. सकाळी सगळ्यांच्या आधी कोण येतं?"

"मी. दिवा तापायला वेळ लागतो. ताईला मागाहून गाडी घेऊन येते." तिनं नवं पेपरमिंट तोंडात टाकलं. त्या आधीच्या एका श्वासात सुरक्षाबाईला तो वास पुन्हा आला. पुसट, पण तोच.

"आज डब्यात काय होतं हो? लसणाची चटणी?"

"आमच्या घरात लसूण येतच नाही. ताईच्या पोटात आग पडते." ती सहज म्हणाली आणि एकदम गप्प झाली.

*

सुरक्षाबाई पुन्हा ताईंच्या खोलीकडे वळली. एकच विचारायचं होतं, फ्रीजच्या किल्ल्या किती.

"या, बसा," ताई म्हणाल्या. "सोपं करून सांगते. पेशी म्हणजे एक गाव समजा."

"ताई, ते..."

"मालाची ने-आण चालते बारीक बारीक पिशव्यांतून."

पुन्हा सगळं पहिल्यापासून झालं. टोळी, कचरा, मेंदू. चिडचिड गिळत सुरक्षाबाई ऐकत राहिली. मोठी माणसं. आपण काय बोललो आणि कुणाशी, ह्याचा ह्यांना पत्ता नसतो.

"हमालांना चहा पाजतं म्हणा. ओझं शेवटी तेच उचलतात."

आणि ताई थांबल्या. अगदी तिथंच, तेवढ्याच.

"हे तुम्ही मघाशी सांगितलंत, ताई."

क्षणभर ताईंच्या डोळ्यांत काही सापडेना. मग त्या हसल्या. "सांगितलं असेल. चांगलं वाक्य दोनदा वापरावं माणसानं."

सुरक्षाबाई किल्ल्यांचं न विचारताच बाहेर आली. चिडचिड कुठं गेली ते तिला कळलं नाही.

ती थेट फ्रीजपाशी गेली. मोठ्या बाटलीतलं थोडं द्रावक एका नळीत घेतलं, दुसरीत साधं पाणी. दोन्ही आत ठेवल्या. जेवण झाल्यावर काढल्या. एकीत पांढरा खडा. दुसरीत पाणी होतं तसंच डुचमळत होतं.

ह्यात नवीन काही नव्हतं. इथं काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना हे ठाऊक होतं. प्रत्येकाच्या म्हणजे, ज्यानं ती बाटली मुठीत धरली होती त्याच्या.

*

"तुम्ही सगळे आज दिवसभर माझ्याशी खोटं बोललात," सुरक्षाबाई म्हणाली.

सगळे ताईंच्या खोलीत होते. ताई खुर्चीत, धाकटी दाराशी, भाऊ आणि चष्मिस खिडकीला टेकून. खिडकी उघडी होती.

"भाऊ म्हणतात बाटली त्यांनी बाहेर ठेवली. ही म्हणते तिनं ठेवली. दोघांनीही ठेवली नव्हती. ते का खोटं बोलले ते तूर्त बाजूला ठेवू. पण त्या खोट्यापायी चोरी लपली. बाटली थिजत नाही हे हिला रोज दिसत होतं. दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत कुणीतरी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, अरे, हे थिजत का नाही? इथं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाटली बाहेर कुणी ठेवली हेही विचारावं लागलं असतं."

चष्मिसनं मान खाली घातली.

"आता चोर. औषध काढून घेतलं आणि रिकाम्या बाटलीत काय भरलं? पाणी. फळीवर तेच द्रावक भरलेली एवढी मोठी बाटली होती. ते भरलं असतं तर बाटली पूर्वीसारखीच थिजली असती आणि कुणाला संशयही आला नसता. भाऊंनी चोरी केली असती तर द्रावक भरलं असतं. हिनंही तेच केलं असतं. ताईंनी तर ही सवयच लावलीय. पाणी कोण भरेल? ज्यानं ती बाटली कधी मुठीत धरलेली नाही, जो औषध फक्त पडद्यावर बघतो, आणि जो सकाळी सगळ्यांच्या आधी येतो, तो."

कुणी दाराकडे बघितलं नाही. सगळे मुद्दाम दुसरीकडेच बघत होते.

"शिवाय वास," सुरक्षाबाई म्हणाली. "मला वाटलं, कुणीतरी डबा खातंय. पण त्या द्रावकाचाच तो गुण आहे. कातडीला लागलं की रक्तात जातं, आणि तोंडाला लसणाचा वास येतो. ज्याचा त्याला कळत नाही, इतरांना कळतो. ज्या घरात लसूण शिरत नाही, त्या घरातून तो वास रोज इथं येतोय. भाऊ, तुम्ही हे द्रावक वर्षानुवर्षं वापरताय. वासापायी माहेरी गेलेल्या बायकोची गोष्ट मी सांगितली तेव्हाच तुम्हाला कळलं होतं."

"कळलं नव्हतं," भाऊ म्हणाला. "कळायला नको होतं मला."

धाकटीनं पर्स उघडली. कापसात गुंडाळलेली एक बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"एवढं उरलंय. सोमवारपुरतं होईल?"

चष्मिसनं बाटली उजेडात धरली. "होईल. पेशींना फार लागत नाही."

"मग मिटलं," भाऊ म्हणाला. पण काही मिटलं नव्हतं हे त्यालाही माहीत होतं.

ताई उठल्या. त्यांचा चेहरा आधी शास्त्रज्ञाचा झाला.

"बाकीचं माणसावर वापरलंस? प्राण्यांवरची विषबाधेची तपासणी पुरी व्हायच्या आधी? मात्रा काय? मोजलीस कशानं, चमच्यानं? यकृताचं काय झालं असतं, कल्पना आहे? धाकटे, तीस वर्षं माझ्याबरोबर काम करून तू हे..."

मग तो चेहरा हळूहळू उतरला आणि मागून बहिणीचा आला. त्यांनी धाकटीचे दोन्ही हात हातांत घेतले.

"कधीपासून होतंय तुला? आईसारखं? मला सांगायचंस ना. एकटीनं घेत बसलीस. मी काय मेले होते?"



"मला नाही, ताई," धाकटी म्हणाली. "मी घेत नव्हते. तुझ्या गुडघ्याच्या मलमात घालत होते. माझ्या हाताला लागायचं तेवढंच."

"माझ्या गुडघ्याला हे कशाला? हे सांध्यांचं औषध नव्हे."

"नव्हे."

"मग?"

ताई भाऊकडे वळल्या.

"भाऊ, मला कशाला?"

"ताई, कामाचा ताण... तुम्ही फार दमता अलीकडे..."

"दमणुकीला हे देत नाहीत. तू सांग गं."

चष्मिस रडायला लागली होती. "झोप कमी होते ना तुमची, ताई. म्हणून कधीकधी..."

"कधीकधी काय?" ताईंचा आवाज चढला. "सुरक्षाबाई, तुम्ही तरी. एवढं सगळं शोधून काढलंत. हे कसं शोधलं नाहीत? कुणी चोरलं ते सांगितलंत, पण का ते नाही सांगितलंत. का?"

सुरक्षाबाईनं दिवसभर दुसऱ्यांना ज्यासाठी फैलावर घेतलं होतं तेच आता तिनं केलं. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

"सगळे गप्प. उत्तम. प्रमुख मी आहे आणि माझ्याच प्रयोगशाळेत मला..." ताई अडखळल्या. पुढचा शब्द त्यांना सापडेना. त्या हवेत हात फिरवून तो शोधत राहिल्या, आणि चष्मिसनं सवयीनं तो पुरवायला तोंड उघडलं.

"तो शब्द पुरवू नकोस तिला," धाकटी म्हणाली.

तिनं बहिणीचे हात सोडले नव्हते. आता जास्तच घट्ट धरले.

"रोज त्या पडद्यावर तुंबलेलं मोकळं होताना बघत होते मी. आणि घरी येऊन तुला बघत होते. मला राहवलं नाही. आईच्या वेळी आपण दोघी दोन वर्षं म्हणत होतो, वय झालंय, दमलीय, झोप नाही. आता हे सगळे तेच म्हणतायत. मीही म्हणत होते. बाटली तू बाहेर ठेवत होतीस. हे तुला नंतर पुन्हा सांगावं लागेल, तेव्हाही मीच सांगेन. तू विसरायला लागली आहेस, ताई."